दुपट्याची सुलटी बाजू

चौल, रविवार

प्रिय वन्सं,

आज सकाळी वाडी शिंपली, कपडे वाळत घातले. हे अलिबागला गेलेत, संध्याकाळी येतील. मग ऋचाच्या बाळासाठी आपण दोघींनी विणलेले क्रोशाचे चौकोन जोडून दुपटं करायला बसले. पुढच्या आठवड्यात ती न्यायला येणार आहे. तुम्ही गेल्यापासून तुमची विणकामाची पिशवी उघडली नव्हती. आज उघडली, आणि तुम्हाला विचारावंसं बरंच काही निघालं. मला तोंडानं कधी फार बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

तुमचे चौकोन एका ढिगात, माझे दुसऱ्या. मी डावरी, माझे टाके घड्याळाच्या काट्यासारखे फिरतात, तुमचे उलटे. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या हातात सुई पाहून म्हणाला होतात, "अगो वयनी, डाव्या हातानं? आता तुला शिकवू कशी?" मला वाटलं, हात बदलायला लावणार. तुम्ही शेजारून उठलात आणि पाट घेऊन समोर बसलात. "आरशात बघतेस ना, तशी माझ्याकडं बघ आनि कर." एवढंच! माहेरी हे कुणाला सुचलं नव्हतं.

सुलट-उलट ओळखायलाही तुम्हीच शिकवलंत. "डोळ्यानं न्हाय, अंगठ्यानं बघ." सुलट्या बाजूला टाक्यांची वेणी सपाट लागते, उलट्या बाजूला आडव्या गाठी लागतात. मी चुकले की तुमचं एकच, "उसव!" किती राग यायचा मला! मोतीबिंदू झाला तेव्हाही तुमचा अंगठा चुकला नाही.

आज तुमचे शेवटचे चौकोन हातात घेतले. मधलं पिवळं फूल सुलट, भोवतीचा हिरवा घेर सुलट, आणि पांढरी कड मात्र उलटीकडून विणलेली. वाटलं, माझाच अंगठा चुकतोय. खिडकीशी नेऊन पाहिलं. सगळे तसेच! पांढरा धागा जोडताना चौकोन पालथा पडला आणि तुम्हाला कळलंच नाही.

मग आठवलं. पावसाळ्यात तुम्ही कढत चहाचा पेला पदराशिवाय उचलायला लागला होतात. मी ओरडले, "वन्सं, भाजेल!" तर म्हणालात, "तुझा चहाच कोमट, मी काय करू?" आपण दोघी हसलो. साखरेच्या दुखण्यानं बोटं बधिर झाली होती, हो ना? एकदा तरी बोलायचंत! मी प्रत्येक चौकोन सुलटा करून तुमच्या हातात दिला असता. तुमचा काय कमीपणा झाला असता त्यात?

ऋचाला फोन केला. ती म्हणाली, "आई, आत्याच्या हातचं आहे ना? राहू दे तसंच. बाळाला काय कळतंय?" तिचं खरं वाटलं. कड उसवली तर तुमच्या हातचं शेवटचं काम जाणार.

पण तुम्हाला चाललं असतं का? ऋचा तान्ही असताना तिच्या टोपड्यात एक ओळ उलटी गेली होती. तुम्ही ते तिच्या डोक्यावरून काढून उसवायलाच घेतलंत. ती भोकाड पसरून रडत होती, आणि तुम्ही म्हणालात, "पोर गप होईल गो, टोपडं तसंच ऱ्हाईल!" आज ते आठवून एकटीच हसले. मग ठरवायला वेळ लागला नाही.

फूल आणि हिरवा घेर तुमचाच राहील, त्याला हात लावणार नाही. फक्त कड उसवीन आणि त्याच धाग्यानं परत विणीन. ती माझ्या बाजूनं फिरेल, त्याला हवी तेवढी नावं ठेवा. पण तुमचं दुपटं बाळाच्या अंगावर सुलटंच जाईल, हा माझा शब्द.

चष्मा पुसून घेतलाय. पहिल्या चौकोनाचं टोक सापडलं आहे. ओढते आता.

तुमची,
सुनंदा वहिनी