प्रभाग पाचचा पहिला मुद्दा

बाजारगल्ली,
दि. २० नोव्हेंबर २०२५

प्रिय भूमिका,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. तरीही पाकीट उघडलंस, म्हणजे पुढचंही वाचशील असं धरून चालते. फोन केला असता तर तू ठेवून दिला असतास. पत्ता मगनदादाने दिला. तुझ्या त्या मामेभावाने आधी तीनदा विचारलं की काम काय आहे.

तू बरी असशील. मावशींची तब्येत कशी आहे? सुरतेची हवा त्यांना मानवली का? इकडे थंडी पडली आहे. नंदुरबारच्या रस्त्याने जाताना वाळत घातलेल्या मिरच्यांच्या पथाऱ्या दिसायला लागल्यात. माझा थोरला आता दहावीला आहे. तू शेवटचा पाहिलास तेव्हा तो बालवाडीत जात होता.

बातमी म्हणजे मी निवडणुकीला उभी आहे. हसू नकोस. प्रभाग पाच महिलांसाठी राखीव झाला आणि ह्यांची, महावीरांची, तीन वर्षांची तयारी वाया गेली. मग पॅनलवाले आमच्या बैठकीत येऊन बसले आणि अर्ध्या तासात माझं नाव ठरलं. मला चहा घेऊन बोलावलं आणि सांगितलं. मी हो म्हटलं, पण एक अट घातली. जाहीरनामा मी लिहिणार. महावीर हसले, म्हणाले लिही की, वाचतंय कोण.

भूमिका, मी खरंच घरोघर गेले गं. वही घेऊन. शिवणक्लासला आपण मापं लिहून घ्यायचो तसं एकेकीला विचारून लिहून घेतलं. गावात राहायला बरं वाटावं म्हणून काय हवं? गटारीवर झाकणं पाहिजेत. नदीच्या रस्त्याला दिवे पाहिजेत, संध्याकाळी क्लासहून मुली तिकडून येतात. घंटागाडी ठरलेल्या वेळी यावी. म्हाताऱ्यांना बसायला चार बाक असावेत. मुलींना अभ्यासाला एक खोली. असे एकवीस मुद्दे झाले.

मंगळवारच्या बाजारात मात्र सगळ्या बायकांनी एकच सांगितलं. धडगावहून जीपने आमचूर घेऊन येतात त्यांनी, आणि आपल्या गावातल्या मेथी-वांगीवाल्यांनीही. एक म्हातारी म्हणाली, "माय, आम्ही जावानं कथा?" सकाळी सहाला घर सोडतात, अंधार पडल्यावर पोचतात. तोवर कुठे जायचं? मी पहिला मुद्दा तोच घेतला. बाजारगल्लीत महिलांसाठी स्वच्छतागृह.

जागा कुठली दाखवायची म्हणून परवा नगरपालिकेत गेले. बांधकामाचं बघतात ते डोंगरसिंग वळवी साहेब सज्जन माणूस. त्यांनी बाजारगल्लीचा नकाशा टेबलावर पसरला, चष्मा लावला, बराच वेळ बोट फिरवलं आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, इथे नवीन मंजूर होणार नाही. इथे आहेच एक. चार सीटचं. चालू स्थितीत."

मी विचारलं, कुठे?

त्यांनी बोट ठेवलं. भूमिका, ते बोट आमच्या दुकानाच्या मागे होतं. आमच्या गोदामावर.

  त्यांनी पाणी पुढे केलं, ते मी घेतलं आणि तसंच परत ठेवलं. घरी कशी आले ते सांगता येणार नाही. महावीर प्रचाराला गेले होते. मी गोदामात गेले आणि मागच्या भिंतीजवळची साखरेची पोती स्वतः ओढली. पाच ओढली, सहावं हललं नाही. पण भिंत दिसली. कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढऱ्या फरशा. खाली सिमेंटने बुजवलेले चौकोन, ओळीत चार. वर अर्धं पुसलेलं एक अक्षर, 'स्त्रि'. त्याच्यावरून कोणीतरी एकदाच चुन्याचा हात फिरवला होता.

त्या गोदामात मी रोज जाते. बाजूला उभं राहून मी तिथे माल उतरवून घेतलेला आहे.

तुला हे सगळं आधीपासून माहीत होतं, असं आता वाटतं. तू त्या वर्षी काहीतरी अर्ज घेऊन दारोदार फिरत होतीस एवढं आठवतं. कशाचा होता ते मला नीट आठवत नाही. तेव्हा नक्की काय झालं, ते तू मला लिहून कळवशील का? पुढे काय करायचं ते त्यावर ठरवेन. तू आमच्याकडे यायचं का थांबवलंस, तेही मला कधी कळलं नाही.

मावशींना नमस्कार.

तुझी,
चांदनी


बाजारगल्ली,
दि. २८ डिसेंबर २०२५

भूमिका,

तुझं कार्ड अठ्ठावीस नोव्हेंबरला मिळालं. मायना नाही, खाली नाव नाही. एकच ओळ. "बंद करायच्या अर्जावर पहिली सही कोणाची आहे ते बघ."

कार्ड पोस्टमनने दुकानात दिलं आणि ते महावीरांनी आधी वाचलं. त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं आणि गिऱ्हाइकाकडे वळले. मी तिथेच पोत्यावर बसले.

मला जाऊन बघायची गरज नव्हती. पहिल्या पत्रात आठवत नाही असं लिहिलं ते खोटं होतं. आता खरं लिहिते.

२०१४च्या उन्हाळ्यात सासूबाई स्वयंपाकघरात एक कागद घेऊन आल्या होत्या. गल्लीतल्या महिलांचा अर्ज. मुतारीची घाण येते, तिथे वाईट माणसं जमतात, आमच्या सुनामुलींना गल्लीतून जाणं कठीण झालं आहे, तरी ती कायमची बंद करावी. मी कणीक मळत होते. हात धुतले, पुसले, उभ्याने पूर्ण अर्ज वाचला आणि पहिली सही केली. तिथे वाईट माणसं जमत नव्हती. तिथे मावशी, तुझी स्वतःची आई, बाजारच्या दिवशी जायच्या आणि त्यांच्यासारख्या शंभर बायका जायच्या. हे मला माहीत होतं. सासऱ्यांना, बाबूजींना, गोदाम वाढवायचं आहे हेही माहीत होतं, जेवताना बोलणं कानावर पडलं होतं. दिवाळीपर्यंत गोदाम उभं राहिलं आणि पोती लागली. त्या भिंतीकडे मी परत कधी बघितलं नाही. नकाशावर साहेबांचं बोट थांबलं तेव्हा मला धक्का बसला तो खराच. पण नवीन काही कळलं म्हणून तो बसला नव्हता.

तू दुकानात येऊन विचारलं होतंस, "चांदनी, तू सही केलीस का गं?" मी नाही म्हटलं. आठ दिवसांनी तू कचेरीत तो अर्ज पाहिलास. परत आलीस, पायरीशी उभी राहिलीस, माझ्याकडे बघितलंस आणि गेलीस. त्यानंतर आपण बोललो नाही. कारण कधी कळलं नाही असंही मी लिहिलं होतं. तेही खोटं.

कार्ड आलं त्याच दुपारी मी बाबूजींच्या समोर गेले. त्यांचं वय आता त्र्याऐंशी. मनात होतं की ते नाकारतील, ओरडतील, निदान मला काही बोलता येईल. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि साध्या आवाजात म्हणाले, "हो बिनणी. पडीक जागा होती, घेतली. तुम्ही सगळ्यांनी लिहून दिलं होतं."

मी म्हटलं, पडीक नव्हती बाबूजी, बायका जात होत्या तिथे.

"त्या नदीकडे जातात," ते म्हणाले आणि त्यांनी पेपर उचलला.

 हा माणूस दर उन्हाळ्यात दुकानापुढे पाणपोई घालतो. मी आजारी होते तेव्हा रात्रंदिवस दवाखान्यात बसून राहिलेला माणूस. तोच हे बोलत होता, आणि त्याला ते खरंच साधं वाटत होतं.

महावीर म्हणाले की निवडणूक होऊ दे, मग बघू. पॅनलची इतर सोळा माणसं आपल्याबरोबर बुडतील. ते चुकीचं बोलत नव्हते. मी दोन दिवस त्यांच्याबरोबर प्रचाराला गेले, हात जोडले, आणि प्रत्येक दारात पहिला मुद्दा घाईघाईने वाचून पुढच्यावर गेले.

तीस तारखेला बाजारचौकात शेवटची सभा होती. संध्याकाळची वेळ, हातगाड्या अजून उठल्या नव्हत्या. माझं भाषण चुडामण सरांनी लिहून दिलं होतं. तेच आपले हायस्कूलचे, आता पॅनलचं काम बघतात. मी पहिला मुद्दा वाचला आणि कागद घडी करून हातात धरला. म्हटलं, हे स्वच्छतागृह बांधायची गरज नाही. ते आहे. आमच्या गोदामात आहे. ते बंद करा म्हणून अकरा वर्षांपूर्वी अर्ज गेला, त्यातला मजकूर खोटा होता आणि त्यावर पहिली सही माझी आहे. मी ती वाचून केली.

 शिट्टी नाही, घोषणा नाही. समोर भाजीवाल्या बायका बसल्या होत्या, त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला समजलं असतं. मग माइक बंद झाला. चुडामण सर खाली बघत होते. महावीर स्टेजवरून उतरून निघून गेले, चपला तिथेच राहिल्या. त्या मी हातात घेऊन घरी आले.

पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मुलगा शाळेतून आला आणि म्हणाला की वर्गात फळ्यावर कोणीतरी आमचं नाव लिहिलं होतं, कुठल्या शब्दाबरोबर ते लिहीत नाही. एकवीस तारखेला निकाल लागला. मी एकसष्ट मतांनी पडले. चारुलता पाडवी निवडून आली. आमच्या पॅनलचे सतरापैकी पाच आले. त्यातल्या दोघांनी आमच्या दुकानाची पायरी सोडली आहे.

आणि मग जे झालं त्याची मी कल्पनाही केली नव्हती. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. सूरजबाई, ज्यांनी तो कागद माझ्या हातात दिला होता. त्यांनी कमरेची गोदामाची किल्ली काढली, माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "मला वाचता येत नाही. त्यात काय लिहिलं होतं ते तू तरी सांगायचं होतंस." मी त्यांचे पाय धरायला वाकले तर त्या मागे सरल्या.

गोदाम महावीरांनी रिकामं केलं. मी सांगितलं नव्हतं. तीन दिवस स्वतः पोती वाहिली, हमालांना येऊ दिलं नाही. शेवटच्या दिवशी ती भिंत पूर्ण मोकळी झाली तेव्हा ते तिच्यासमोर खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. जागा परत करत असल्याच्या अर्जावर त्यांनी परवा सही केली. बाबूजी आता दुकानात येत नाहीत. वर खोलीतच बसतात. जेवण सासूबाई नेतात, माझ्या हातचं ते घेत नाहीत.

चारुलता घरी आली होती. मला वाटलं मिरवायला आली असेल. ती माझी वही मागायला आली होती. म्हणाली, एकवीसच्या एकवीस मुद्दे मी पहिल्या सभेत मांडते, पहिला तुझाच. वही दिली. ती आणि मी मिळून कचेरीत गेलो तेव्हा कळलं की बंद करायचा अर्ज फाइलमध्ये आहे, पण मुतारी बंद करू नका म्हणणारा तुझा अर्ज, एकशे बारा बायकांच्या अंगठ्यांचा, तो नाही. फाइलमध्ये फक्त आमचंच म्हणणं आहे. वळवी साहेब म्हणाले की तुझ्याकडची पोच मिळाली तर काम लवकर होईल. ती असेल तर चारुलताच्या नावाने पाठव. माझ्याकडे पाठवायची गरज नाही.

एवढं लिहायला मी बसले होते. पण एक राहिलं आहे. ते मी सभेत सांगितलं नाही, महावीरांनाही नाही, आणि कोणाला सांगणारही नाही.

मुतारी बंद झाल्यानंतरच्या पावसाळ्यात, एका मंगळवारी, मावशींना भर बाजारात आवरलं नाही.  त्या आमच्या खिडकीच्या अगदी खाली टोपली घेऊन बसायच्या, हे तुला माहीतच आहे. त्या उठायला गेल्या आणि उभ्या जागीच लुगडं भिजलं. समोरचा कापडवाला हसला, मग अजून दोघं हसले. मावशींनी टोपली पुढे धरली आणि वर बघितलं. मी खिडकीत होते, भूमिका. त्यांनी मला पाहिलं. खाली यायला बारा पायऱ्या होत्या, आत न्हाणीघर होतं, कपाटात माझी लुगडी होती. मी खिडकीतून मागे सरले आणि पडदा ओढून घेतला.

त्यानंतर त्या बाजारात बसल्या नाहीत. त्या मला काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पण मी खिडकीत होते हे त्यांनी तुलाही सांगितलं नसेल असं मला वाटतं. त्यांनी ते सांगितलं नाही हेच मला सोसत नाही.

हे मावशींना वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. त्यांना नमस्कार लिहायला माझा हात धजत नाही. उत्तराची वाट बघणार नाही असं लिहिणार होते, पण पुन्हा खोटं लिहायचं नाही. रोज पोस्टमनच्या वेळेला मी दुकानात असते.

चांदनी
(नावाआधी 'तुझी' लिहायचं की नाही, ते तुझ्यावर सोडते.)