शिळा चंद्र

मिठबाव,
दसऱ्यानंतरच्या संकष्टीचा दुसरा दिवस

तुझी ती दुर्बीण माझ्या मागीलदारी टाकून तू पुण्याला गेलीस, आणि तिच्यापायी काल माझी संकष्टी सुटली की मोडली ते मला अजून कळत नाही.

चि. ऋताला आजीचे आशीर्वाद. गुडघे आहेत तसेच आहेत, विचारू नको.

काल आभाळ असं भरलं की चंद्राचा पत्ता नाही. मी उपाशी. तुझा बाप दुर्बिणीला फोन लावून उभा. "आये, ह्यो बघ चंद्र," म्हणून फोन पुढे केला. मी म्हटलं, "फोनातलो चलता काय रे?" तर म्हणे, "चंद्र तोच आसा मा! जेव आता." हात जोडले, जेवले.

सकाळी राधाबाई कुंपणावरून विचारते, "सगळ्या गावाक ढग, तुका गो खंयसून दिसलो?" तुझ्या बापाला, विनीतला, धरला तेव्हा कबूल झाला, फोटो आदल्या दिवसाचा.

"मेल्या," म्हटलं, "भाकरी शिळी चलता, चंद्र नाय!"

पण माझं डोकं वेगळ्याच गोष्टीने फिरलंय. हाच म्हणायचा ना, ती नळी खाडीत टाका? आता रोज संध्याकाळी माझ्या जुन्या लुगड्याने तिची काच पुसतो. मध्येच माडाची झापं हलतात, काचेवर ओल धरते, चंद्र नासलेल्या दुधासारखा येतो. फोनात तसले फोटो ढीगभर. वर गोलात तुझं तोंड, खाली फोटो, आणि तुला पाठवत मात्र नाही. "धाड मरे," म्हटलं, तर "साफ येवंदे गे."

समुद्राकाठी साफ आभाळाची वाट बघतोय खुळा.

गेल्या वर्षी गणेशचवथीला तू चंद्र बघितलास म्हणून खोटा आळ आला, असं लोक म्हणाले. कणकवली स्टँडवर कुणा मुलाबरोबर दिसली ती तू नव्हतीसच, हे पुढे सगळ्यांना कळलं. विनीतलाही. पण आरतीच्या माणसांपुढे तुला खोटारडी म्हणाला तो चंद्र नव्हता. मग आता मध्ये चंद्र कशाला? तोंड नाही का तुझ्या बापाला? मला काही समजत नाही.

यंदा गणपतीवर फळं-पानं टांगायची माटवी वाकडी बांधली गेली. तुझ्याएवढा उंच हात घरात दुसरा नाही.

उपासाचं मी देवाशी बघून घेईन. पत्र पोचेल त्या सुमाराला विनीतला समोर बसवून फोन लावायला लावणार आहे, चंद्र असो नसो. तू उत्तर लिहू नको. आळ त्याने घेतला, उत्तर त्याने द्यायचं. तू फक्त फोन उचल.

आजी यशोदा