खळ्यावरची शीळ

हैदराबाद, माघ वद्य पंचमी, शके १८६२

तीर्थरूप बापूंच्या पायावर ज्ञानबाचं डोकं.

मी खुशाल आहे. खानावळीची भाकर पातळ असते, पण पोट भरतं. मायला काळजी करू नको म्हणावं.

आमाला इंग्रजीच्या वर्गात समुद्राची एक लांबलचक, जुनी कविता लावली आहे. तीत एका जहाजाची सगळी गोष्ट आहे. वर्गात समुद्र न पाहिलेला मी एकटाच. शब्दकोश उघडून बसायचो, पण डोळ्यापुढं काहीच यायचं न्हाई. वाटलं, हे शिक्षण आपलं नव्हं, गावाकडं हट्ट्याला परतावं.

काल मात्र त्या जहाजाचा वारा पडला. शिडं लोंबली, माणसं मुकाट उभी राहिली. अन् मला एकदम तुमी दिसले. खळ्यात तिवईवर उभे, उपणायच्या ज्वारीची पाटी डोक्यावर धरलेली, अन् वारा पडलेला. तवा तुमी कोणाला बोलू देत न्हाई, नुसती हळू शीळ घालून वाऱ्याला बोलावता.

मी हे वर्गात सांगितलं. पोरं हसली. मास्तर हसले न्हाईत. म्हणाले, "वारा पडला की खलाशीही अशीच शीळ घालतात."

बापू, अंगावर काटा आला. समुद्र तर तुमी पाहिला न्हाई. मग ही शीळ तुमाला कोणी शिकवली?

तुमचा खोकला कसा आहे? सोनाजीदादा लिहितो, यंदा तुमच्या जागी पाटी तोच धरून राहिला. मग शीळ कोण घालतं?

होळीला येतो. एक ढीग उपणायचा ठेवा. पाटी मी धरीन. तुमी खाली बसून फक्त वाऱ्याला बोलवा.

तुमचंच लेकरू,
ज्ञानबा