कॅसेटची बी बाजू

२८ जून, शनि.

आई येऊन पाच दिवस झाले. जून लागला की इथली शहाणी माणसं बायकापोरांना घेऊन भारतात पळतात, आणि मी सत्तर वर्षांच्या आईला रत्नागिरीहून अबुधाबीत आणून ठेवलंय. डिसेंबरात ये म्हणून दहा वेळा सांगितलं. "आले तर उन्हाळ्यात येईन, नाहीतर राहू दे." तिच्यापुढे मी कधीच हात टेकलेत.

आज दुबईच्या मॉलमध्ये उन्हाळी मेळा. बाहेर पंचेचाळीस, आत खोटा बर्फ आणि जाकिटं घातलेली माणसं. आईने मक्याच्या कणसाचा भाव ऐकला. "पंचवीस दिरहम म्हणजे... सहाशे रुपये? एका कणसाचे?" बायकोला, मनीषाला, हसू आवरेना. इथवर सगळं छान.

मग बरोबर बारा वाजता आईला बाहेर जायचं होतं. पार्किंगच्या टोकाला, जिथे काही नाही. कुंपण, पलीकडे वाळू. "इथे पाण्याची टाकी होती. ह्यांचा टँकर इथेच भरायचा." असेल. दहा मिनिटं मान तिरकी करून उभी. माझा शर्ट पिळून काढावा इतका भिजला. लेक ईरा माझ्या कानात, "बाबा, आजी इज नॉट इव्हन स्वेटिंग."

२९ जून, रवि.

आमच्या घरात ज्यांचं नाव निघत नाही ते आज चहाबरोबर निघालं. वडील. इथे टँकर चालवायचे. मी चार वर्षांचा असताना अचानक निरोप यायचे बंद झाले. कंपनी म्हणाली, काम सोडून गेला. गाव म्हणालं, तिकडे दुसरं घर केलं. मी गावाचं ऐकून मोठा झालो. चव्वेचाळीस वर्षं त्या माणसाला मनातून शिव्या घालतोय.

पत्र लिहायचे नाहीत, कॅसेट पाठवायचे. वाडीतले गल्फवाले सगळे तेच करायचे. एवढं ठाऊक होतं. पुढचं आज कळलं. कॅसेट एकच होती. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तीच इकडून तिकडे. आईने ऐकायची, मग तिच्यावरच आपलं बोलणं भरून परत धाडायची. "ते माझं पुसायचे, मी त्यांचं पुसायची." म्हणून घरात त्यांचा आवाज नाही.

शेवटची आली ती अशाच उन्हाळ्यात भरलेली. ए बाजू ऐकून झाली आणि वीज गेली. आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि शेजारचे जनूभाऊ दुपारच्या एसटीने गल्फला निघणार. ऐकत बसावं तर भरायला वेळ नाही. आईने बी बाजू न ऐकताच दोन्हीकडे आपलं भरून दिलं. कौलं, आंबे, माझा खोकला.

"ए बाजूला ह्यांच्या फिरण्याच्या गमती असायच्या. शुक्रवारी इथे गेलो, तिथे गेलो. महत्त्वाचं काय ते बी बाजूला."

"मग काय असेल त्या बाजूला?"

"तेच ऐकायला आलेय."

मी हसलो. ती हसली नाही.

५ जुलै, शनि.

हत्ता. डोंगरातलं धरण, रंगीत होड्या. संध्याकाळी जाऊ म्हटलं तर नाही, दुपारीच. गावी हीच बाई मला भर बाराला विहिरीकडे फिरकू द्यायची नाही.

उन्हामुळे होड्या बंद. चिटपाखरू नाही. पाणी हिरवं, हालतही नव्हतं. आई कठड्याला धरून उभी. "हं." मग थोड्या वेळाने, "हं." फोनवर दुसऱ्याचं ऐकताना करतो तसं. मग एकदम मोठ्याने, सपाट आवाजात, धडा वाचल्यासारखं:

"इथे डोंगरात गोडं पाणी आहे. तुला आवडेल. मी एक खोली"

आणि थांबली.

"पुढे?"

"पुढचं आलं नाही."

आईच्या सगळ्या गोष्टी मला तोंडपाठ आहेत. ही त्यात नाही. परतताना विचारलं, हे आधी कधी सांगितलं नव्हतंस?

"आधी ऐकलंच नव्हतं."

तिचा हात धरून गाडीतून उतरवलं. गार होता. एसीमुळे.

९ जुलै, बुध.

डॉक्टरकडे नेलं. रक्त ठीक, मेंदूचं ठीक, पाणी जास्त प्यायला सांगा. म. म्हणते, वय झालंय, प्रकाश, मनाचे खेळ असतात. मीही तेच म्हणतो.

तरी आज कामावर, जबल अली बंदरात, दुपारच्या सुट्टीत, यार्डातली माणसं सावलीला गेल्यावर, कंटेनरांच्या मधे जाऊन उभा राहिलो. मान तिरकी करून. पाच मिनिटं. काही नाही, कूलिंगच्या कंटेनरांची घरघर. सुपरवायझर सलीमने बघितलं. "सर, तब्येत ठीक ना?" शरम वाटली.

१२ जुलै, शनि.

आज कुठेही जायचं नाही, मी जाहीर केलं. आई जेवली नाही. बारा वाजता बाल्कनीत. सत्ताविसावा मजला, खाली खाडी, काच उघडताच तोंडावर वाफ. पाच मिनिटांत आत आली.

"इथे येत नाही काही. तेव्हा ह्या बेटावर कोण येत होतं."

संध्याकाळी तिला पेज करून दिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाळू, तुला नको आहे का रे कळायला?"

पेजेचा वाडगा घेऊन आत गेलो. नको आहे. आयुष्यभर मी रागावर उभा आहे. बी बाजूला 'मला विसरा' असं निघालं तर आई कोसळेल. आणि काही चांगलं निघालं तर मी.

१९ जुलै, शनि.

लिवा, खजुराचा मेळा. अडीच तास नुसती वाळू, मग एकदम तंबू, एसी, अत्तर, ढोलकी. माणसाएवढे घड टांगलेले, त्यांना बक्षिसं. ईराने चार जातींचे खजूर खाल्ले. एका म्हाताऱ्या अरबाने आईच्या ओंजळीत मूठभर कोवळे, पिवळे ठेवले. आईने त्याला वाकून नमस्कार केला. तो गडबडला, मग त्यानेही छातीवर हात ठेवला. आनंद वाटला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सहलीला आल्यासारखं.

बारा वाजता आई तंबूमागे. ईरा व्हिडिओ घेत होती. जवळ गेलो तेव्हा आईचं चालू झालं होतं:

"बघून ठेवली आहे. उम्म अल कुवैनला. निळ्या दाराची. बाळूला घेऊन ये. येणार असलीस तर"

थांबली. ओठ मिटले.

घरी येऊन ही वही मागे चाळली. पाच तारीख. 'मी एक खोली'. त्याला आजचं जोडलं.

मी एक खोली बघून ठेवली आहे.

दोन आठवडे, चारशे किलोमीटर, आणि वाक्य जिथे तुटलं तिथूनच पुढे. आई ही वही वाचत नाही, चष्म्याशिवाय तिला माझं अक्षर लागत नाही. दोन्ही पानं पुन्हा पुन्हा उलटून बघतोय.

व्हिडिओ तिघांनी मिळून पाहिला. वारा आणि आईचे हुंकार. दुसरं काही नाही. ईरा म्हणाली, "शी इज नॉट टॉकिंग टू हरसेल्फ, बाबा. सी द गॅप्स. समबडी इज टॉकिंग इन द गॅप्स." म.ने तिचा फोन काढून घेतला.

२४ जुलै, गुरु.

भांडण. म.चं म्हणणं सरळ आहे. "दर शनिवारी त्या थोड्या थोड्या तिकडे जातायत. जेवण अर्ध्यावर आलंय, अंग गार. आपण त्यांना गाडीत घालून पोचवतोय."

ती चुकीचं बोलत नाही. पण 'येणार असलीस तर' च्या पुढे काय, हे न ऐकता मलाच आता जगता येणार नाही.

२६ जुलै, शनि.

पूर्वेचा किनारा, खोर फक्कान. म. आणि ईरा पाण्यात पायही घालेनात, पाणी कढत. छत्र्या रिकाम्या. आम्ही दोघं लांब चालत गेलो. आईने माझं मनगट धरलं होतं.

"हं."

"हं."

मग:

"कॅसेटवर तसं सांग. यायचं नसेल तर त्यावर काही बोलू नको. मी समजेन. परत विचारणार नाही."

आई वाळूत बसली. तापलेल्या वाळूत, तिला कळलंही नाही. "मी कौलांचं बोलले रे," म्हणाली. "दोन्ही बाजू भरून कौलांचं आणि आंब्यांचं बोलले."

मी तिला उचलून घेतलं. वजनच नाही. गाडीपर्यंत रडलो. त्यांनी आम्हाला टाकलं नव्हतं. बोलावलं होतं. आणि वाट बघितली होती.

२९ जुलै, मंगळ.

रडून झालं, आता डोकं चालतंय. हे सगळं आईच्याच मनातलं असू शकतं. अपराधी वाटलं की माणूस काहीही ऐकतो. खात्री कोण देणार?

सलीमला सहज विचारलं. तो म्हसळ्याचा. त्याचे मामू पन्नास वर्षं उम्म अल कुवैनला, मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान. "चला की सर. मामूला जुनं विचारा, थांबणार नाय."

२ ऑगस्ट, शनि.

उम्म अल कुवैन. आई आणि मी, दोघंच. दुकानात जाळी, दोर, एक जुना पंखा. मामू ऐंशीच्या पुढचे. आईला गाडीतच बजावलं होतं, खोलीचं काही बोलायचं नाही. मी फक्त वडिलांचं नाव घेतलं.

"टँकरवाला? रत्नागिरीचा?" म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "तू त्याचा पोरगा? अरे बाबा, बस. बस."

चहा मागवला. मग आपणहून: "बायकोला आणणार म्हणून खोली घेतली होती त्याने, इथेच मागे. दार आम्ही दोघांनी रंगवलं. होडीचा रंग उरला होता, निळा."

मी आईकडे बघितलं नाही.

"मग कॅसेट आली गावाहून. माझ्याच टेपवर ऐकली. दोन्ही बाजू. मग पहिल्यापासून परत. तीनदा ऐकली त्याने. मी म्हटलं, क्या हुआ रे? बोलला, काय नाय, घरी सगळं ठीक आहे."

"आणि?"

"दुपारची अजान झाली तसा उठला. ओहोटी होती, पाणी पार आत गेलेलं. चिखलावरून चालत गेला सरळ. मला वाटलं कालवं काढायला जातोय. दोन दिवस शोधलं आम्ही. खलास. जनूला सांगितलं होतं मी. गावात बोलला नाय?"

जनूभाऊ बोलले, पण वेगळंच. दुसरं घर केलं म्हणाले. आईचं कुंकू राहावं म्हणून. आणि मी त्यावर चव्वेचाळीस वर्षं काढली.

आईने एकच विचारलं, "दार आहे अजून?"

"दार कुठलं, ताई. बिल्डिंग झाली तिथे."

निघताना मामूंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "तुझा बाप चांगला माणूस होता." हे वाक्य मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

६ ऑगस्ट, बुध.

आई बरी दिसते. दोन पोळ्या खाल्ल्या. तिचं सोमवारचं परतीचं तिकीट आहे. म.ला वाटतं संपलं. मलाही तसंच वाटत होतं.

आज भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "थोडी टेप उरलीय अजून. 'परत विचारणार नाही' नंतर. शनिवारी एकदा ने."

"तिथे?"

"तिथेच. समुद्र आत जातो तिथे."

म.ने माझ्याकडून वचन घेतलं. आईचा हात सोडायचा नाही.

९ ऑगस्ट, शनि., दुपारी

उम्म अल कुवैन. गाडीत बसून लिहितोय, इंजिन चालू. अक्षर वेडंवाकडं येतंय.

पाणी आत गेलंय. दिसतच नाही. चिखल, मग चकाकी, मग काही नाही. माणूस नाही, पक्षी नाही, एक गाडी नाही. मामूंच्या दुकानाला कुलूप.

हात सोडला. वचन मोडलं. ती म्हणाली, "इथून माझं मी," आणि मी सोडला. चपला काढून दोनशे-एक पावलं आत गेली. पोटऱ्यांपर्यंत चिखल. थांबली. मान तिरकी नव्हती आज. सरळ समोर बघत होती. लांबून शब्द कळले नाहीत, पण ती बोलली. बराच वेळ बोलली. ऐकून घेणारं कोणी असल्यावर बाई बोलते तशी, हातवारे करून. एकदा हसलीसुद्धा. तिला तसं हसताना मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही.

मग वळली आणि परत यायला लागली. मला हायसं वाटलं, गाडीत येऊन बसलो आणि वही काढली.

आलीये. माझ्या बाजूचं दार उघडून उभी आहे. चेहरा धुतल्यासारखा. मी म्हटलं, झालं ना? चल, बस, घरी जाऊ.

"माझं झालं," म्हणते. "माझ्यावर राग नाही त्यांचा. उरलेलं तुझ्यासाठी आहे. मला नाही सांगितलं."

मला काही ऐकू येत नाही, मी सांगितलं. जबल अलीला उभा राहिलो होतो, काही नाही आलं.

"तिथे कसं येईल. इथे ये."

भीती वाटतेय. पाचावर धारण बसलीये, खरं सांगतो. तिकडे म. आणि ईरा जेवायला थांबल्यात. पाणी किती वाजता परत येतं ते मी बघून ठेवलेलं नाही. पण बापाने एकदा बोलावलं तेव्हा आमच्याकडून उत्तर गेलं नव्हतं

आई म्हणते, "लिहीत काय बसलायस, बाळू? ते थांबलेत."