हे तुमचं कितवं मूल?

११ फेब्रुवारी

सुईणबाई आज कागद देऊन गेल्या. चार पानं! बाळंतपण घरी की हॉस्पिटलात, खोलीत कोण हवं, दुखायला लागल्यावर काय चालेल, काय नाही – सगळं आधी लिहून ठेवायचं म्हणे. आठवा लागलाय, आता टाळून चालणार नाही. नवरा लगेच शेजारी येऊन बसला, परीक्षेला बसल्यासारखा. "दिवे मंद ठेवा, असं लिहू या का?" म्हटलं, लिहू, आणि तुझी बडबडही मंद ठेवा, असं खाली लिहू.

पहिलाच प्रश्न: हे तुमचं कितवं मूल? मी लिहिलं – पहिलं. आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

१२ फेब्रुवारी

सकाळी कागद टेबलावर होता. "पहिलं"वर आडवी रेघ, समासात "दुसरं". हिरव्या शाईत. अक्षर माझं, रेघही माझीच – प्रुफं तपासताना मारते तशी. आठ वर्षं लोकांच्या चुका काढून पोट भरतेय, सवयीनं हात चालला असेल. पण केव्हा?

फाडला. दुसरा लिहिला.

१५ फेब्रुवारी

घरी की हॉस्पिटल यावरून खडाजंगी. "हॉस्पिटल दहा मिनिटांवर असताना हा हट्ट कशाला?" त्याला काय सांगू! तिथे खोदून खोदून विचारतात. डॉक्टर तपासतात तेव्हा त्यांना कळतंच म्हणे. घरी एकट्या सुईणबाई असतील. त्यांच्या हातापाया पडेन, त्या कुणाला सांगणार नाहीत.

इथे तरी लिहून टाकते. एकोणीस वर्षांची होते. लग्न नाही, काही नाही. आईनं मला लांबच्या एका हॉस्पिटलात नेलं. रक्त थांबेना, माझी शुद्ध गेली. डोळे उघडले तेव्हा आई उशाशी. "मुलगी होती. गेली. आता हा विषय कुणापाशी काढायचा नाही." नाही काढला. नवऱ्यापाशीही नाही. तिचं तोंडसुद्धा मी पाहिलं नाही.

१६ फेब्रुवारी

या कागदावरही. दुसरं.

१९ फेब्रुवारी

हिरवी पेनं सगळी ऑफिसात ठेवून आले. तिसरा कागद लिहिला तो कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये. दुपारी सुईणबाई तपासायला आल्या. कुलूप काढलं, कागद त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या खांद्यावरून वाचला. समासात पुन्हा हिरवं – दुसरं. शाई ओली होती! त्यांच्या अंगठ्याला लागली.

त्यांनी रुमालानं अंगठा पुसला. "पहिल्या वेळी रक्त फार गेलं होतं का गं?"

म्हटलं, छे, लिहिताना चुकलं, पहिलंच आहे.

"मग ठीक. तसं काही असेल तर मात्र घरी नाही हं. रक्त थांबलं नाही तर मी एकटी काय करणार? तू जाशील माझ्या हातातून. म्हणून तर हा प्रश्न सगळ्यांत वर."

त्या गेल्यावर पोटावर हात ठेवून बसून राहिले. बाळ आतून लाथा मारत होतं. मला मरायचं नाही. पण कळल्यावर तो सोडून गेला तर? ती भीतीही तेवढीच आहे.

२२ फेब्रुवारी

ऑफिसात एका पुस्तकाची शेवटची प्रुफं. चाळीस पानं झाली, चूक एकही नाही. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "अगं, समासात काय लिहीत सुटलीयेस?" पाहिलं तर पानापानावर – दुसरं, दुसरं, दुसरं. हातात पेन्सिल. खोडरबर घेऊन खोडत बसले आणि मला रडूच फुटलं.

२३ फेब्रुवारी

सांगितलं. सकाळी, चहा पिता पिता. तो उठला, बेसिनपाशी कप विसळत राहिला. एकच कप, कितीतरी वेळ. मग पाठमोराच म्हणाला, "आणि मला न सांगता तू घरी मरणार होतीस?" आवाज चिरकला होता. नंतर भांडला. कडाकडा भांडला! मग जवळ येऊन बसला. "हॉस्पिटल," एवढंच म्हणाला.

चौथा कागद. पहिल्या प्रश्नापुढे त्याच्यासमोर, निळ्या शाईत, मी स्वतः लिहिलं – दुसरं. आता खोडण्यासारखं काही नाही. किती वर्षांनी इतकं हलकं वाटतंय!

२४ फेब्रुवारी

"दुसरं"वर रेघ. समासात – तिसरं.

आईला फोन लावला. विचारलं, त्या दिवशी किती होत्या? पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"दोघी," ती म्हणाली. "गेली ती एकच."