पेडल तळाला जातं

दि. ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत, हे नेहमीचं वाक्य आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढे खरं लिहायला मोकळा. फोन तू उचलत नाहीस, म्हणून तुझ्या गावाकडे पार्ट पोचवणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती हा कागद देतोय. फाडण्याआधी एकदा वाच.

बाबांची ती जुनी निळी गाडी. तिचे पुढचे ड्रम काढून त्यांनी डिस्क ब्रेक बसवले. सगळं स्वतःच्या हाताने. मला पाने पुसायला ठेवलं होतं, म्हणजे माझ्या लायकीचं काम. फिटिंग इतकं देखणं की आईनेसुद्धा गॅरेजमध्ये येऊन कौतुक केलं. फक्त ब्रेक लागत नाही. पेडल उशीसारखं मऊ, पार तळाला टेकतं. ऑइलमधली हवा काढली, पुन्हा काढली. मास्टर सिलेंडर बदलला, होसपाइप बदलले. गळती कुठेच नाही. बुडबुडाही दिसत नाही, आणि पेडल आहे तिथेच.

शेवटी मी चाकाशी आडवा झालो आणि नीट पाहिलं. हवा काढायचा निपल डिस्कला चिमटीत धरणाऱ्या कॅलिपरच्या खालच्या अंगाला आलाय. डावा कॅलिपर उजवीकडे बसलाय, उजवा डावीकडे. हवा वर अडकून राहते, खालून नुसतं ऑइल निघतं. निपल नेहमी वर, हे आपल्या दोघांना बाबांनीच शिकवलं होतं. मला आधी हसू आलं. मग हे कुणी बसवलंय ते आठवलं आणि हसू गेलं.

ते आईबरोबर दवाखान्यात गेले, तेवढ्यात मी कॅलिपर अदलाबदल केले, बायकोला पेडलवर बसवून हवा काढली. पेडल एकदम कडक. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर बाबांनी सगळं खोलून पुन्हा होतं तसं केलेलं. वर मलाच फैलावर घेतलं. "कुठल्या गाढवाने उलटं बसवलं होतं? तुला डावं-उजवं कधी कळणार रे?"

दवाखान्यात कशाला, असं तू विचारशील. तेच लिहायचं टाळत होतो. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते मला अजून लिहवत नाही. बाबा विसरतात. जेवल्याचं विसरतात, माझ्या मुलीचं नाव विसरतात. हात तरी विसरणार नाहीत असं मी धरून चाललो होतो.

आता येत्या रविवारी ते आईला शेजारी बसवून मावशीकडे निघणार आहेत. तो उतार तुला माहीत आहे, एका बाजूला दरी. आई म्हणते, "एवढ्या हौसेने केलंय त्यांनी, मी नाही म्हटलं तर खचतील." मी किल्ली लपवली, तर त्यांनी तारा जोडून गाडी चालू केली. बॅटरी काढली, तर गिऱ्हाइकाच्या गाडीची आणून लावली. विसरतात म्हणे! ताई, मला रात्रंदिवस तो उतार दिसतो.

गॅरेजच्या पाटीचा विषय मी काढणार नव्हतो. 'आणि मुलगा' असं त्यांनी रंगवून घेतलं, तेव्हा गॅरेज तू चालवत होतीस आणि मी कॉलेजच्या कट्ट्यावर टवाळक्या करत होतो. तू गेलीस ते बरोबरच केलंस.

पण परवा काय झालं ते ऐक. बाबा पेडलवर, मी चाकाशी, पुन्हा तीच हवा काढणं चाललेलं. वरून तुझ्या नावाने हाक आली, "मोठे, सोड." मी पाना निपलला लावून थांबलो. "मोठे, ऐकलंस का?" 'मी ताई नाही' असं माझ्या तोंडून निघेना. "हो बाबा" म्हटलं आणि निपल सैल केला. त्यांनी पेडल दाबून धरलं. मग म्हणाले, "पाटीचं माझं चुकलं गं. तू निघालीस तेव्हाच कळलं होतं, पण तोंड उघडवलं नाही. आता तू आहेस, तर ब्रेक मला बघायला नको." आणि हात पुसत घरात जाऊन त्यांनी आईला सांगितलं, मोठीने ब्रेक तपासलेत, रविवारी निघू.

माझ्या त्या एका 'हो'मुळे त्यांचा या ब्रेकवर भरवसा बसलाय. मी उलट सांगायला गेलो की हसतात, म्हणतात, मोठीला विचार. मी हात टेकले आहेत. तू समोर उभी राहून "बाबा, हे उलटं बसलंय" म्हणालीस तर ते स्वतः खोलतील. शनिवारपर्यंत ये. भांडायला ये, मला दोन मुस्काटात मार, पण ये.

आणि ती माफी तुझी होती गं. ती भलत्याच माणसाने ऐकली. पुढच्या महिन्यात ती त्यांच्या लक्षात असेल की नाही, कुणी सांगावं.

तुझ्या जागी 'हो' म्हणून बसलेला,
तुझा धाकटा