एकही डबी रिकामी नाही

१९ जानेवारी

लेकरांच्या आतड्यांच्या अभ्यासासाठी चौसष्ट डब्या वाटल्या, चौसष्ट परत आल्या — एकही रिकामी नाही! शौचाचा नमुना म्हटलं की लोक लाजतात, निम्म्याही येणार नाहीत, असं माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते. त्यांना मुद्दाम फोन करून मिजास दाखवली.

साखरा गावच्या अनुसूयाबाईंकडे संक्रांतीला माझा तिळगुळाचा डबा राहिला होता. आमच्या आशा कार्यकर्त्या ज्योतीताई आज नमुन्यांसोबत तोही घेऊन आल्या. आत हरभऱ्याचे हिरवेगार ढाळे! "भांडं रिकामं देत न्हाईत, मॅडम," ज्योतीताई म्हणाल्या. माझी आईही देत नसे. ढाळे गाडीतच संपवले.

२७ जानेवारी

आकडे आले. लेकराच्या आतड्याला सूज असली की हा आकडा चढतो. पन्नासच्या आत हवा. अनुसूयाबाईंच्या प्रियंकाचा — एक हजार एकशे चाळीस!

पोर अकरा वर्षांची. पोट दुखतं, शाळा बुडते, जेवण नाही. आत जखमा असणार. उशीर झाला तर आतडं कापायची पाळी येते. आणि मला क्षणभर काय वाटलं? आनंद — अभ्यासातली पहिली केस सापडली म्हणून. शरम वाटायला हवी, आणि वाटलीच.

३० जानेवारी

साखऱ्याला जाऊन आले. आतड्यात दुर्बीण घालून बघावं लागेल म्हटलं, तर तातेराव — प्रियंकाचे वडील — तुरीच्या ढिगापाशीच उभे राहिले. "दुर्बीण? मागून? पोरीच्या जातीला? काहून?" तासभर समजावलं. शेवटी अनुसूयाबाईच म्हणाल्या, "मॅडम म्हणतेत तसं करू. पण बरी व्हईल ना?" होईल म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, देव जाणे.

धाकटी कोमल तेवढ्या वेळात तीनदा टमरेल घेऊन घरामागं गेली. "पाव्हणं दिसलं की पळतीय," ज्योतीताई हसल्या. मीही हसले.

५ फेब्रुवारी

जीव थाऱ्यावर नाही. उद्या नांदेडला दुर्बीण. प्रियंकाला पोट साफ करायचं औषध सुरू केलंय, दर घोटाला रडतेय म्हणे. फोनवर मला विचारलं, "मॅडम, म्या मरणार हाव का?"

६ फेब्रुवारी

आतडं स्वच्छ! कुठेही जखम नाही.

तातेराव हात जोडत होते, मला तोंड कुठे लपवू असं झालं. धडधाकट पोरीला उपाशी ठेवलं, भूल दिली, रडवलं. मग ते अकराशे चाळीस आले कुठून?

१० फेब्रुवारी

प्रियंकाचा नवा नमुना मी स्वतः घेतला. अठ्ठावीस. म्हणजे तिला आहे ते साधं बद्धकोष्ठ. प्रयोगशाळेत जाऊन भांडले. त्यांनी जुन्या डबीतला नमुना माझ्यासमोर पुन्हा तपासला — आकडा पुन्हा अकराशेच्या वर! त्यांचं चुकलेलं नाही. मग चुकलं कुणाचं?

१२ फेब्रुवारी

सकाळीच साखरा गाठलं. अनुसूयाबाईंना सरळ विचारलं — त्या दिवशी डबी कुणी भरली?

"म्याच. प्रियंकाला तीन दिस झालंच नव्हतं. ज्योतीताई दारात उभ्या. त्यांच्या हातात रिकामी डबी कशी द्यायची? कोमलची भरून दिली. घरातलीच हाय की! दोघी येकाच ताटात जेवतेत."

ज्योतीताईंनी कपाळावर हात मारला. मला तर हसूच फुटलं. पंधरा दिवस काळजानं ठाव सोडला होता, आणि कारण काय, तर ढाळ्यांचा डबा! बाकीच्या त्रेसष्ट डब्या कुणी कुणाच्या भरल्या असतील, तेही आता विचारत फिरावं लागणार.

मग हसू थांबलं. "कोमल कुठंय?" विचारलं.

"मागं गेलीय."

त्याच दिवशी, दुपारी

कोमल. नऊ वर्षं. वजन सोळा किलो. परत आली तेव्हा तिला जवळ घेऊन विचारलं, रक्त कधीपासून पडतंय गं?

"दिवाळीपासनं. ताईचं पोट दुखतं म्हून माय आधीच रडत व्हती. मंग म्या न्हाई सांगितलं."